कपाटातला घट

"कुणाला सांगू नका हं, काकू," असं म्हणून ती आधी मागे वळून बघायची. मागे आमच्या मजल्याचा लांब व्हरांडा, काठीवर वाळत घातलेले कपडे आणि कुणाच्या तरी चपला. माणूस कुणी नसायचं. तरी आवाज खाली आणून ती म्हणायची, "आज एमआरटीत मी दोन घोट पाणी प्यायले."

इथल्या गाडीत खायला-प्यायला बंदी आहे, हे सिंगापूरला राहणाऱ्यांना सांगायला नको. पण दोन घोट पाण्याची कबुली द्यायला शेजारणीच्या दारात येणारी बाई मी एवढी एकच पाहिली.

मी मुलाकडे राहायला आले तेव्हा ती आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये होती. पुण्याची. हार्बरफ्रंटला एका जहाजाच्या कंपनीत हिशेबाचं काम करायची. नवरा बँकेत होता. मूलबाळ नव्हतं. पन्नाशीची बाई, पण रस्ता रिकामा असला तरी सिग्नलचा हिरवा माणूस लागेपर्यंत पावसात उभी राहायची. मी मधूनच चालायला लागले की माझा पदर धरायची. "काकू, कॅमेरा असतो!"

तिची गुपितं सगळी अशीच. "कुणाला सांगू नका हं, पुरणपोळ्या विकतच्या आहेत." मी म्हटलं, "खाल्ल्यावर कळतंच की." ती लाल झाली आणि पुढच्या होळीलाही विकतच्याच आणल्या.

दुसरं गुपित तुळशीचं. ते तर सगळ्या मजल्याला ठाऊक होतं. तिच्या हातून तुळस जगायची नाही. वाळली की ती नवी आणायची, त्याच कुंडीत लावायची आणि यजमानांना म्हणायची, "बघा, पुन्हा फुटली." तो मोठ्याने हसायचा. मोठा खाणारा, मोठा हसणारा माणूस. भिंतीपलीकडून त्याचं हसू आमच्या स्वयंपाकघरात यायचं.

मग तो आजारी पडला. पोटातलं दुखणं होतं आणि वाईट होतं. नोव्हेनाला इस्पितळात खेपा सुरू झाल्या. डॉक्टर चांगले होते, औषधं देत होते, पण औषधांनी अन्नावरची वासनाच गेली. घेतलेला घास राहत नसे. मी भाताची पेज करून द्यायची. दोन चमचे घ्यायचा आणि ते दोन चमचे बाहेर यायचे. तिने नोकरीतून रजा घेतली. हसू बंद झालं. भिंतीतून आता उलटीचा आवाज येई. माझ्या सुनेने एक दिवस टीव्ही मोठा केला. मीही तो बारीक केला नाही. ऐकवतच नव्हतं.

नवरात्राच्या थोडं आधी ती माझ्या दारात आली. म्हणाली, "काकू, जरा येता?" मी हात पुसत गेले. नवऱ्याला झोप लागली होती. ती मला त्याच खोलीत घेऊन गेली, कपडे ठेवायच्या कपाटापाशी. तिने दार उघडलं आणि बाजूला उभी राहिली.

कपाटातले कपडे काढून टाकले होते. खाली परडी, परडीत पत्रावळ, पत्रावळीवर काळी माती. बाजूला ऑफिसच्या टेबलावर असतो तसा छोटा पिवळा दिवा. आणि मातीत कोंब. दोऱ्यासारखे बारीक, पिवळट, वीतभर वाढून एका बाजूला कललेले.

"किती उंच झालेत बघा ना," ती म्हणाली. तिच्या तोंडावर इतक्या दिवसांनी मी आनंद पाहिला.

मला आधी वाटलं, बाईने यंदा घट लवकर बसवला. घट आपण असाच बसवतो. अंधाऱ्या कोपऱ्यात परडीत माती, रोज पाणी, जवळ दिवा, आणि जागचं हलवायचं नाही. कोंब जेवढे उंच आणि पिवळे तेवढं वर्ष चांगलं. तिने जन्मात यशस्वी करून दाखवलेली लागवड तेवढी एकच. पण हा गहू नव्हता. मी वाकून बघितलं. पानाच्या कडा करवतीसारख्या होत्या. "अंबाडी लावलीस का गं?" मी विचारलं.  एक पान तोडून मी चावलं. अंबाडी आंबट लागते. हे आंबट नव्हतं.

माझ्या माहेरी ओढ्याच्या पलीकडे मठ होता. तिथले बैरागी मागच्या परसात ही झाडं लावायचे आणि संध्याकाळी चिलीम ओढायचे. आम्ही पोरी तिकडून गुरं घेऊन जायचो. ते पान मला ठाऊक होतं.

तिने या खेपेला "कुणाला सांगू नका" म्हटलं नाही. विकतच्या पोळ्यांसाठीसुद्धा म्हणणारी बाई ही.

मी चौथीपर्यंत शिकलेली. इंग्रजी येत नाही. पण इथे पहिल्यांदा येताना विमानात एक कार्ड भरायला दिलं होतं. त्यावर लाल अक्षरं होती. मुलगा म्हणाला होता, "आई, हे अमली पदार्थांबद्दल आहे. आणणाऱ्याला इथे फाशी." पुढे कुणीतरी मला हेही सांगितलं की विकणं सोडाच, घरात पेरलं तरी कित्येक वर्षं तुरुंगात. माझा मुलगा चांगी बिझनेस पार्कला कामाला, नोकरीच्या परवान्यावर, पासवर राहणारा. मी ते पान चावलं होतं. तोंडातली चव जाईना.

बेसिनमध्ये थुंकून आले आणि तिला म्हटलं, "उपट."

"ह्यांना भूक लागेल म्हणतात याने. मी वाचलंय. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, या देशात हे शक्य नाही."

"मग झालं तर."

"काकू, ह्यांनी दोन दिवसांत काही खाल्लेलं नाही."

बी कुठून आणलं ते मी विचारलं नाही. कळून घ्यायचंच नव्हतं मला.

त्या दिवसापासून मला भीतीने घेरलं. लिफ्टमध्ये पोलिसाच्या वेषातला एक पोरगा चढला. खालच्या मजल्यावर आईकडे आला होता बिचारा. मी सातव्या मजल्याऐवजी चौथ्यावर उतरून जिने चढले. खाली लिफ्टपाशी नवा कागद चिकटवलेला दिसला की सुनेला वाचायला लावायची. "आई, पाण्याची टाकी धुणारेत," ती म्हणायची. "तुम्हाला एवढं काय पडलंय?" बेल वाजली की माझ्या हातातलं लाटणं थांबायचं.

आणि ती? ती येऊन विचारायची, "काकू, माना टाकतायत. पाणी कमी पडतंय का?"

दिवसातून दोनदा पाणी घालत होती. घटाला घालतात तसं. जे कोंब उंच म्हणून तिला कौतुक वाटत होतं, ते उजेडासाठी तडफडून उंच झाले होते. तुळस मारायची तशीच ती त्यांनाही मारत होती, अगदी मन लावून.

"तुम्हाला येतं सगळं," ती म्हणाली. "तुमचा कढीपत्ता बघा. सांगा ना काय करू."

"येतं मला. सांगणार नाही."

"का?"

"ही रोपं जगली तर तू मरशील म्हणून."

 मग म्हणाली, "आणि ही मेली तर हे?"

 मी पेजेचं भांडं तिच्या हातात दिलं आणि दार लावून घेतलं.

नवरात्र बसलं. तिने हॉलमध्ये देवापाशी खरा घटही बसवला. आता घरात दोन घट होते, एक देवापुढे आणि एक कपाटात, आणि दोन्हींपुढे दिवा. ती दोन्हीकडे पाणी शिंपडायची. मला वाटतं, दोन्हीकडे हातही जोडत असावी.

त्याच दिवसांत आमच्या भागात डेंगी निघाला. तसं झालं की इथे माणसं घरोघर येऊन साचलेलं पाणी शोधतात. कुंड्यांच्या ताटल्या, फुलदाण्या, न्हाणीघर, सगळं बॅटरी मारून बघतात. मी तिच्याकडे पेज घेऊन गेले होते, तेवढ्यात बेल वाजली. तिने जाळीतून पाहिलं आणि माझा दंड धरला.

"काकू, डासवाले आले. काय करू?"

"दार उघड. नाही उघडलंस तर जास्त बघतील."

डोक्याला रुमाल बांधलेली एक मलय बाई होती. हसरी. हातात बॅटरी. "आंटी, मॉस्किटो चेक लाह. फाइव्ह मिनिट ओन्ली."

 नोकरीत दिवसभर इंग्रजी बोलणारी शेजारीण नुसती मान हलवत होती. मग मीच पुढे झाले. माझं इंग्रजी इतकंच. "नो वॉटर," मी म्हटलं. "नो मॉस्किटो."

बाईने स्वयंपाकघर पाहिलं, न्हाणीघर पाहिलं. हॉलमधल्या घटापाशी वाकली. "दिस वन प्लांट, आंटी?"

"गॉड," मी म्हटलं.

"ओ, सॉरी, सॉरी," म्हणून ती दोन पावलं मागे झाली. मग खोलीचं दार ढकललं.

मी तिच्या मागेच होते. कपाटाच्या दाराखालून पिवळा उजेड जमिनीवर पडला होता, पट्टीसारखा सरळ. बॅटरी खिडकीकडे गेली, एसीकडे गेली, कपाटाकडे आली आणि थांबली.  मी पलंगाची कड धरली.

तेवढ्यात शेजारणीच्या नवऱ्याला उमासा आला. तो उठून बसला आणि भांड्यात ओकला. पोटात काही नव्हतंच, नुसतं पाणी. बाईने लगेच बॅटरी विझवली. "अंकल सिक, ह? रेस्ट, अंकल, रेस्ट." आणि पाठमोरी होता होता मला म्हणाली, "आंटी, कबर्ड लाइट नेव्हर ऑफ. वेस्ट ओन्ली."

तिच्या मागोमाग शेजारीण दारापर्यंत गेली. मी खोलीतच राहिले.  तो भांडं खाली ठेवून म्हणाला, "काकू, तिला सांगा, कपाटातला दिवा बंद कर. मला झोप येत नाही."

"तुला ठाऊक आहे?"

"उजेड माझ्याच डोळ्यांवर येतो की." मग म्हणाला, "मरणाची आता तितकी भीती वाटत नाही. बेल वाजली की वाटते. मी गेल्यावर तिला धरून नेलं तर, एवढंच डोक्यात असतं. त्याने होती ती भूकही गेली."

ती दारात उभी होती. तिने ऐकलं होतं.

ती आली, कपाट उघडलं आणि परडीसमोर खाली बसली. हात पुढे करून तशीच राहिली. "दसऱ्यापर्यंत तरी राहू दे," म्हणाली. "घट मध्येच हलवत नाहीत."

"हा घट नाही, बाई," मी म्हटलं.

मग तिने उपटले. मूठभर कोंब, त्यांना वजनच नव्हतं. कचऱ्याच्या नळीतून खाली टाकायला आम्हा दोघींना भीती वाटली. संडासात टाकून पाणी सोडलं. एक कोंब परत वर आला. पुन्हा पाणी सोडलं. तो पुन्हा आला. पलंगावरून आवाज आला, "काय, परत फुटली का?" आणि तो हसला. मोठं नाही, पण हसला. ती मात्र संडासाच्या उंबऱ्यावर बसून रडली. मी तोवर पाणी सोडत राहिले.

माती मी नेली. मला पिशवीतून माती नेताना बघायची सगळ्यांना सवय होती. व्हरांड्यातल्या माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीत ओतून टाकली.

दसऱ्याला खऱ्या घटाचे कोंब तिने मला केसांत खोवायला दिले. नवऱ्याच्या कानावरही खोवला. केस गेलेलं डोकं आणि कानावर पिवळा कोंब. त्या दिवशी त्याने माझ्या हातची पेज तीन-चार चमचे घेतली आणि पोटात ठेवलीही. पुढचा गुढीपाडवा त्याने पाहिला नाही.

ती अस्थी घेऊन पुण्याला गेली, परत आली ती घर आवरायलाच. निघताना माझ्या दारात आली. मागे वळून बघितलं नाही, आवाजही खाली आणला नाही. "येते, काकू," म्हणाली आणि लिफ्टकडे गेली. आता त्या घरात एक चिनी जोडपं राहतं. भिंतीतून काहीच ऐकू येत नाही.

कढीपत्ता छान आहे. पण त्या कुंडीत काही नवं हिरवं वर आलं की मी आधी उपटते आणि मग चष्मा लावते. परवाही एक कोंब आला होता. उपटला, चष्मा लावून पाहिला. मेथी होती. तरी संडासात टाकून दोनदा पाणी सोडलं.