नाओच्या नावाची जागा

ब्रिस्बेनला उतरले तेव्हा माझ्या पिशवीतल्या कढीपत्त्याला कस्टम्सने प्रवेश नाकारला. मला मात्र घेतलं.

भाची ईशा स्प्रिंगफील्ड लेक्सला राहते. तळी छान, पण घरं सगळी एका छापाची. पहिल्याच सकाळी फिरून येताना मी बिनदिक्कत शेजारच्या अंगणात शिरले. झाडांना पाणी घालणाऱ्या बाई हसल्या, मला आत घेऊन गेल्या आणि ओनिगिरी (भाताचे मुटके) खायला घातल्या. बाजूला लोणच्याची फोड होती, त्यामुळे आमचं लगेच जमलं.

त्या मिचिको. जपानच्या, मुलगी गेल्यावर इथे मुलाकडे राहायला आलेल्या. मुलगी, नाओ, चार मुलींच्या पॉप बँडमध्ये गायची. त्यांच्या एका गाण्यात मध्येच वाद्यं थांबायची आणि प्रेक्षक गाणारीचं नाव घेऊन ओरडायचे. तिकडे तशी रीतच आहे. ती जागा नाओची. आजारपणात ती गेली, तरी लोक तिथे तिचंच नाव घेत राहिले.

आता बँड अमेरिकेला निघाला होता, आणि त्याआधी ब्रिस्बेनला एक कार्यक्रम होता.

“मावशी, सॅटरडे आर्व्होला (दुपारनंतर) शो आहे, शहरात व्हॅली भागात. माझी शिफ्ट आहे, तू जा ना मिचिकोंबरोबर,” ईशा म्हणाली.

“अगं, मला त्यातलं काय कळतंय?”

“नाव ओरडता येतं ना? मग नो वरीज!”

ट्रेनमध्ये मिचिकोंनी माझी तालीम घेतली. समोरच्या पोरी हसत होत्या, पण मी मागे हटले नाही. मग मिचिको हळूच म्हणाल्या, “घरी तिचं नाव कुणी काढत नाही. मला वाईट वाटेल म्हणून मुलगा विषय बदलतो. आज ऐकायला मिळेल.”

स्टेजवर तीनच मुली आल्या. ते गाणं सुरू झालं तसा मिचिकोंनी माझा हात घट्ट धरला. आम्ही दोघींनी श्वास भरून घेतला.

ती जागा आलीच नाही. तिथे भराभर म्हटलेल्या इंग्रजी ओळी होत्या आणि खाली दणदणीत ड्रम. लोक नाचत होते. मिचिकोंचे ओठ उघडेच राहिले. मला संताप आला, आणि रडूही आलं.

बाहेर त्या मुली गाडीत बसत होत्या. एकीने मिचिकोंना पाहिलं, धावत आली आणि कमरेत वाकली ती वाकलेलीच राहिली. मिचिकोंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि जपानीत काहीतरी सांगितलं.

परतीच्या ट्रेनमध्ये मी विचारलं, “काय म्हणालात तिला?”

“गाणं आता जास्त छान झालंय, म्हटलं. अमेरिकेत गाणं थांबलं की लोक कंटाळतात, असं कंपनीने त्यांना सांगितलंय. आणि तिथे नाओला कोण ओळखतं? पोरींना पुढे जायला हवं.”

मग खिडकीकडे तोंड करून त्या रडल्या.

पुण्यात आल्यावर जो तो विचारतो, कांगारू पाहिले का? पाहिले, म्हणते. नाओचं सांगायला घेतलं की लोक घड्याळ बघतात. त्यांचा तरी काय दोष, ती त्यांची कोण लागते? म्हणून आता सांगत नाही. पण भाजी निवडताना, घरात कुणी नसलं की, एकदा मोठ्याने तिचं नाव घेते. उच्चार बरोबर येतो की नाही कोण जाणे.