सायकलपट्टीची हाळी

गोरक्षचा गळा म्हणजे तळवाडीचा भोंगा. वेशीतून त्यानं हाळी दिली की सोनईच्या वाटेवरची बैलंसुद्धा कान टवकारायची. कुणाची म्हैस हरवली, देवी टोचणारा डॉक्टर आला, पंचायतीनं काही ठरवलं, की गोरक्षच्या हातावर सुपारी ठेवायची. मग डफावर थाप आणि गल्लोगल्ली आवाज. एकदा सुपारी घेतली की कामाला नाही म्हणायचं नाही. सांगितलेल्या बोलण्यात पदरचं घालायचं नाही आणि त्यातलं गिळायचंही नाही. बापानं असंच केलं, आज्यानं असंच केलं.

एकाहत्तरच्या गळीत हंगामात सरपंच बन्सीतात्यांनी हॉटेलातल्या बाकड्यावर त्याच्या हातात सुपारी ठेवली.

"मारुतीच्या पारावर सभा हाय. सभेचा कर्णा भाड्यानं गेलाय लग्नाच्या मांडवात. तवा हाळी तुझी. जो बोलंल त्याचं मागल्यांस्नी पोचवायचं."

गोरक्षनं कनवटीचा अडकित्ता काढला, कट् करून खांड तोडलं, तोंडात टाकलं आणि चघळत विचारलं, "कशाची म्हनायची सभा, तात्या?"

"सायकलपट्टी काढायची."

खांड दाताखालीच राहिलं.

सायकलपट्टी म्हणजे कारखान्याच्या रस्त्याकडेची मुरमाची वाट, चुना लावलेल्या दगडांनी आखलेली. हंगाम लागला की रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या, ट्रक, ट्रॅक्टर एकमेकांत असे अडकायचे, की गाडीवान खाली उतरून एकमेकांच्या खानदानाची चौकशी करायचे. तेवढ्यात कडेनं सायकली टिंग टिंग करत निघून जायच्या. त्यातली एक मनकर्णेची, गोरक्षच्या लेकीची. कारखान्याजवळच्या हायस्कुलात ती नववीत होती. बायकोनं, बनुबाईनं, गोरक्षला आधीच बजावलं होतं, "पट्टी हाय तवर पोरगी जाईल. ट्रकाच्या चाकाम्होरं मी लेक धाडनार न्हाई. मग नेवाशाचं स्थळ हायच."

घरी येऊन त्यानं सगळं सांगितलं.

"थुकून टाका ती सुपारी," बनुबाई म्हणाली.

"निम्मी पोटात गेली."

"मग आजारी पडा."

"पडलो तर उद्यापासनं कोन बोलवंल मला? खायाचं काय, डफ?"

बनुबाईनं तवा असा आपटला की भाकरी उडाली.

गोरक्ष गावभर हिंडला. "ऐका होऽऽ! पट्टीमुळं गाड्या अडत्यात होऽऽ! सभंला यावा होऽऽ!" प्रत्येक 'होऽऽ' गळ्यातून काटा निघावा तसा निघत होता. सायकल दुरुस्तीवाला छगन पंक्चर काढता काढता ओरडला, "वा रं पठ्ठ्या! सोताच्या पोरीच्या सायकलीची हवा सोडतुयास, त्ये बी वाजवून!"

सभेला पार भरला. तात्यांनी उपरणं सावरलं, घसा खाकरला. भाषणाला उभे राहिले की त्यांची भाषा धोतर सोडून पाटलोण चढवायची. "बंधू आणि भगिनींनो! आजचं युग हे गतीचं युग आहे! आणि आपल्या गतीला या पट्टीनं... हे... खीळ घातली हाय!"

"खीऽऽळ घातली हायऽऽ!" गोरक्षनं मागं पोचवलं.

मग छगन उठला. "कोंडी सायकलीनं हुतीया व्हय? गाडीवान मधीच बैलं सोडून च्या ढोसायला जात्यात, त्यानं हुतीया!" पार हसला. गोरक्षनं ते पोचवलं आणि 'ढोसायला' जरा जास्तच लांबवलं.

तात्या वळून म्हणाले, "सुपारी कुनाची रं?"

"तुमचीच की. पन जो बोलंल त्याचं पोचवायचं, तुमीच म्हनला."

तात्यांनी उपरणं झटकून पुन्हा खांद्यावर टाकलं. तेवढ्यात बायकांतून बनुबाई उभी राहिली. डोईवरचा पदर दातात धरलेला, आवाज पुढच्या दोन रांगांच्या पलीकडे जाईना. मागून ओरडा उठला, "आयकू येईना! गोरक्ष, हाळी!"

गोरक्षनं डोळे मिटले. "माझीऽऽ लेकऽऽ त्या पट्टीवरनंऽऽ साळंला जातीऽऽ. पट्टी मोडली तरऽऽ तिची साळा मोडंलऽऽ." त्याचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा हलला. मागच्या दोघातिघांनी माना डोलावल्या.

तात्या कसलेले. रागावले नाहीत, गोड हसले. "बनुवहिनी, लेक शिकून काय कलेक्टर हुनार हाय? औंदा उजवून टाका. मांडव गाव घालंल."

पुढची माणसं खो खो हसली. मागून हाका आल्या, "काय म्हनले? काय म्हनले तात्या?"

गोरक्ष उभा होता. समोर मनकर्णा आईला चिकटून बसलेली, वेणीचं टोक बोटाला गुंडाळत. हे बोलणं गिळावं, तर आत्ता पोचवलेलं बनुबाईचं बोलणंही कुणी खरं धरणार नाही. म्हणतील, बायकोचं तेवढं पोचवलं. आणि पोचवावं तर...

"गोरक्ष! मुका झालास काय रं?"

"लेक शिकूनऽऽ," त्याच्या तोंडून आलं, "काय कलेक्टर हुनारऽऽ हायऽऽ? औंदाऽऽ उजवून टाकाऽऽ."

मागची माणसं पुढच्यांपेक्षा जास्त हसली. बापच म्हणतोय म्हटल्यावर हसायला काय जातंय! माना डोलावणारे सगळ्यांत मोठ्यानं हसले. तात्यांनी हात वर करायला सांगितलं, गोरक्षनं तेही पोचवलं, आणि पारावर उसाच्या फडासारखे हात उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरनं चुन्याचे दगड उपटले. बनुबाईनं सायकलीच्या सीटवर हात ठेवला. "ठरलं हुतं आपलं."

गोरक्षनं डफ गळ्यात अडकवला. "मी फुडं चालतो."

"रोज?"

"रोज."

"एक दिस जरी चुकला, तर त्याच दिशी नेवाशाला सांगावा धाडीन." तिनं हात काढला.

रस्ता नेहमीसारखाच तुंबला होता. पट्टीच्या जागेवर आता आणखी गाड्या मावल्या होत्या, इतकंच. गोरक्ष डफ वाजवत ट्रकांच्या मधून निघाला. "बाजूला होऽऽ! सायकल येतीया होऽऽ!" मागं मनकर्णा सायकल हातात धरून, मान खाली घालून.

"आबा, वाजवू नका ना. पोरी हसत्यात."

"हसू दे. थांबलो तर चिरडशील."

ट्रकवाल्यानं खिडकीतून मुंडी काढली. "ओ मामा, वरात कुनाची?"

"नववीची!"

पुढचा ट्रॅक्टर हलेना, मागून भोंगे सुरू झाले, उजवीकडून एका बैलानं गोरक्षच्या खांद्यावर शिंग टेकवलं. तो हललाही नाही. शाळा अजून लांब होती, आणि डफावरचा हात काढायची सोय नव्हती.