गारठलेलं घटिकापात्र

पस्तीस सालच्या माघात लष्कर शहरात असा जाडा, असा थंडीचा कडाका पडला की दौलतगंजातल्या माणसांनी आठ दिवस सूर्य पाहिला नाही. खोबरेल तेल बाटलीत दगड होऊन बसलं होतं. गाईंच्या पाठीवर लोकांनी गोणपाटं बांधली होती. दुकानदार फळ्या उघडायच्या आधी रस्त्यातच शेकोटी पेटवून बसत, आणि कोहऱ्यात, त्या दाट धुक्यात, समोरचा माणूस आवाजावरूनच ओळखावा लागे.

अशा दिवसांत लक्ष्मीकांत उपाध्ये मल्हाररावांच्या मुलीचं लग्न लावायला निघाले. वय साठीला टेकलेलं, अंगात कापूस भरलेली रुईची बंडी, वर धाबळी, आणि पिशवीत तांब्याच्या दोन पातळ वाट्या. ही त्यांची घटिकापात्रं. वाटीच्या बुडाला बारीक भोक. पाण्यावर सोडली की हळूहळू भरून बुडते, आणि बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटं झाली. आता घरोघर घड्याळं आली होती, तरी मुहूर्त उपाध्यांच्या वाटीवरच धरायचा असा जुन्या घरांचा हट्ट होता. उपाध्यांचाही होता.

मुहूर्त सूर्योदयानंतर सात घटकांचा होता. सूर्य तर दिसतच नव्हता. पूर्वेकडचा कोहरा दुधासारखा पांढरा झाला तेव्हा त्यांनी अंदाजानेच घंगाळातल्या पाण्यावरची बर्फाची पापडी बोटाने मोडली आणि वाटी सोडली. नवरीची आत्या शांताताई शेजारी बसल्या. वाटी बुडाली की पुन्हा रिकामी करून सोडायची आणि भिंतीवर कुंकवाची एक रेघ ओढायची, हे त्यांचं काम.

पाचवी रेघ ओढली गेली आणि मल्हारराव हातात खिशातलं घड्याळ घेऊन आले. पलटणीतून निवृत्त झालेला माणूस, वेळेचा काटेकोर.

"गुरुजी, वाटी सोडल्यापासून सहा घटका झाल्या, सहा रेघा हव्या होत्या. ह्या पाचच कशा?"

"बाई, एखादी ओढायची राहिली का?" उपाध्यांनी शांताताईंना विचारलं.

शांताताई चिडल्या. "मी जागची हलले नाही हो! बोटं बधिर झालीत, डोळे नव्हेत."

"मल्हारराव, तुमचं घड्याळ पुढे गेलं असेल," उपाध्ये म्हणाले.

"काल स्टेशनवर लावून आणलंय. पण हाडं गोठवणाऱ्या ह्या गलनमध्ये घड्याळही गारठत असेल, काय सांगावं! मग ते मागे पडेल, पुढे कसं जाईल?"

चाळीस वर्षांत वाटी चुकल्याचं उपाध्यांना आठवत नव्हतं. भोकात कचरा असेल म्हणून त्यांनी ती उजेडात धरली. भोक स्वच्छ होतं. मग सकाळी हातावर न ओघळणारं खोबरेल तेल त्यांना आठवलं. तेल जाड होतं, तूप जाड होतं. पाणीही होत असेल का? छे, पाणी ते पाणी.

तरी त्यांनी बंबातलं कढत पाणी दुसऱ्या घंगाळात मागवलं आणि दोन्ही वाट्या एकदम सोडल्या. वडिलांनी जुळवून घेतलेल्या त्या वाट्या. एक बुडाली की दुसरी बुडायचीच. पण गरम पाण्यातली वाटी बुडाली तेव्हा गार पाण्यातल्या वाटीची कड चांगली बोटभर वर होती.

"म्हणजे गरम पाणी खरं," शांताताई सुटकेने म्हणाल्या.

मल्हाररावांनी घड्याळ पाहिलं. "अठराच मिनिटं झाली. हीसुद्धा खोटी."

उपाध्ये दोन्ही घंगाळांकडे बघत राहिले. गार पाणी एक सांगत होतं, गरम दुसरं, घड्याळ तिसरं. सूर्य काहीच सांगत नव्हता. डोक्यात घटका-पळांचा नुसता गुंता झाला.

तेवढ्यात आतून हाक आली. नवरी पद्मा पहाटे न्हाण झाल्यापासून गौरीहरापाशी बसली होती. उन्हाअभावी केस ओलेच राहिले होते. अंगीठी शेजारी आणली, शाल घातली, तरी तिचे ओठ निळे पडले होते, आणि देवीवर वाहायचे तांदूळ तिच्या मुठीतून आपोआप सांडत होते. उपाध्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते एकदम म्हणाले,

"अंतरपाट धरा."

"पण मुहूर्त?"

"हाच."

मंगलाष्टकं म्हणताना त्यांचा आवाज कापत होता. लोकांना वाटलं, थंडीने. लग्न लागलं, नवरीला रजईत गुंडाळून आलेपाक भरवला, तासाभरात तिच्या गालांवर रंग आला. मल्हाररावांनी उपाध्यांना वाकून नमस्कार केला. उपाध्यांना मात्र तो नमस्कार कुठे ठेवावा कळेना.

घरी आल्यावर त्यांनी सगळी भांडी मांडली. विहिरीचं पाणी, कोमट पाणी, दुपारचं, सकाळचं. चार दिवस हेच. प्रत्येक पाण्याची घटका वेगळी निघाली. आणि मग जे मनात यायला नको होतं तेच आलं. चाळीस वर्षांत थंडीतल्या कितीतरी बाळांच्या जन्मवेळा ह्याच वाटीने मोजल्या होत्या. त्यांत त्यांची स्वतःची सरोजिनीही होती. पौषातली सकाळ, असाच कोहरा. त्या वेळेवरून पत्रिका मांडली, मंगळ निघाला, चांगली दोन स्थळं त्यांनी स्वतः परत पाठवली, आणि शेवटी पोर झांशीला एका बिजवराला दिली.

त्यांनी तिला पत्र लिहायला घेतलं. काय लिहावं? चूक झाली म्हणावं, तर खरी वेळ कोणती हे ठाऊक नव्हतं. कागद तसाच राहिला.

चैत्रात सरोजिनी माहेरी आली. अंगणात पापड वाळत घालत होती. उपाध्यांनी तिथेच, उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

तिने ऐकून घेतलं. "म्हणजे मला मंगळ नव्हता, बाबा?"

"असेल. नसेलही. मला कळत नाही, पोरी."

पापडावर बसू पाहणारी माशी तिने हाकलली. मग म्हणाली, "ते वाईट नाहीत हो, बाबा. पण तुम्ही हे कुणाला सांगू नका. आईला तर नकोच."

उपाध्यांनी मान हलवली. ती रागावली होती की त्यांना सांभाळून घेत होती, हे त्यांना त्या दिवशी समजलं नाही. पुढे तिला कधी विचारण्याचा धीरही झाला नाही.