नागिणीची दोन टोकं

सोसायटीतल्या कुंड्यांना गेरू लावायला घेतला, की त्या ओल्या वासाने मला मामाची उघडी पाठ आठवते आणि एका जागी बसवत नाही. मामाच्या कमरेवर नागीण उठली होती, आगीसारखे फोड. मीरा रोडच्या डॉक्टरांनी मलम दिलं. फॅमिलीवाला माणूस म्हणून रक्त तपासायचं त्यांच्या मनातही आलं नाही. नागिणीची टोकं कमरेभोवती जुळली की माणूस जातो, असं सगळे सांगायचे, म्हणून मामी त्याला काशीगावातल्या एका आजीकडे न्यायची. आजी गेरूचा लेप लावत म्हणायची, "तोंड नि शेपूट एक झाली न्हाय ना, मंग भ्याव न्हाय." घरी मामी सारखी त्याचा शर्ट वर करून मधलं अंतर बोटांनी मोजायची. टोकं जुळली नाहीत. फोड सुकले, आम्ही पेढे वाटले. पुढच्या वर्षी मामाचा खोकला जाईना, अंग झिजलं, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी एचआयव्हीची टेस्ट करायला लावली. रिपोर्ट बघून ते म्हणाले, "ऐन चाळिशीत नागीण आली, म्हणजे प्रतिकारशक्ती खालावलेली असणार; तेव्हाच रक्त तपासायला हवं होतं." "पण डॉक्टर, टोकं जुळली नव्हती हो," मामी म्हणाली. गोळ्या सुरू झाल्या, तरी मामा वाचला नाही. अजूनही कुंडीभोवती गेरूचा पट्टा फिरवताना, टोकं जुळायच्या आत माझा हात थांबतो.