न सांडलेलं रक्त

नाटकगृहाच्या तळघरात कपडेपट होता आणि कपडेपटात डांबरकाका होते. खरं नाव पगाराच्या यादीत असेल तेवढंच. डांबरगोळ्यांचा वास त्यांच्या कोटाला, रुमालाला, जेवणाच्या डब्याला इतका मुरला होता की माणूस जिन्यावर दिसायच्या आधी त्याची वर्दी पोचायची. तळघरात पत्र्याच्या बेचाळीस पेट्या होत्या. राजांचे झगे, शिपायांचे डगले, वकिलांचे काळे कोट, नायिकांच्या लोकरी शाली. एकतीस वर्षांत एकाही कापडाला कसर लागली नव्हती, आणि हे ते न विचारताही सांगत.

वर्षातून एकदा नाटकगृह महिनाभर बंद असायचं. तेव्हा काका सगळ्या पेट्या उघडत, झिजलेल्या गोळ्या काढून टाकत आणि नव्या गोळ्यांच्या पुरचुंड्या बांधत. प्रत्येक गोळी बोटांत चोळून हुंगायची, नाकाला झोंबली तरच ती खरी, अशी त्यांची पद्धत होती. नाटकातल्या राजापेक्षा त्याच्या झग्याची यांना जास्त काळजी.

आणि दरवर्षी ते काम संपता संपता त्यांचे डोळे पिवळे व्हायचे. लघवी कोऱ्या चहासारखी. जिन्याच्या चार पायऱ्या चढल्या की धाप. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणायचे, कावीळ आहे, यकृत जपा, तेलकट सोडा. काकांनी तेलकट सोडलं, तूप सोडलं, शेवटी चहासुद्धा सोडला. तरी पुढच्या वर्षी पिवळे ते पिवळेच. पडदा ओढणारा एकदा डोळा मारून म्हणाला, "काका, तळघरात एकटेच बसता का हो? आम्हालाही बोलवा की!" ज्या माणसाने आयुष्यात खोकल्याचं औषधही भीत भीत घेतलं, त्याच्यावर हा आळ. बायको होती तेव्हा तीही एकदा जवळ येऊन त्यांचं तोंड हुंगून गेली होती. तिला फक्त डांबराचाच वास आला.

ती गेल्याला सहा वर्षं झाली. काका राहत त्याच इमारतीत, दोन मजले वर, मुलगी नवऱ्याबरोबर राहत होती. तिला दिवस गेले तेव्हा काकांनी मनाशी पक्कं केलं की पोरीला आईची उणीव भासू द्यायची नाही. पण आया नेमकं काय करतात हे त्यांना कुठे ठाऊक? मग त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. मुलीच्या लहानपणीची टोपडी, अंगडी, मोजे, बायकोने विणलेलं पिवळं लोकरीचं दुपटं, हे सगळं त्यांनी घरातल्या त्रेचाळिसाव्या पेटीत जपून ठेवलं होतं. नातू इस्पितळातून घरी आला त्याच दिवशी त्यांनी ती पेटी स्वतः खांद्यावरून वर नेली.

मुलीने दुपटं नाकाशी धरलं. "बाबा, तुमचाच वास येतोय याला," ती हसून म्हणाली आणि बाळाला त्यातच गुंडाळलं.

तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं पडलं. नवजात बाळं होतातच थोडी पिवळी, असं शेजारणी म्हणाल्या. चौथ्या दिवशी पिवळेपणा पोटावरून पायांपर्यंत उतरला आणि ते दूधही ओढेना. मग इस्पितळ. निळ्या दिव्याखाली, डोळ्यांवर पट्टी बांधून, एवढासा जीव उताणा ठेवलेला.

"रक्त फार कमी झालंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लाल पेशी भराभर फुटताहेत. फुटलेल्या पेशींतूनच हा पिवळेपणा येतो. तो असाच वाढत राहिला तर मेंदूपर्यंत पोचेल. संध्याकाळपर्यंत उतरला नाही तर सगळं रक्त बदलावं लागेल."

काकांना काही उमजेना. रक्त कमी झालं म्हणजे कुठेतरी सांडायला हवं. बाळाला ओरखडासुद्धा नव्हता. न सांडता रक्त गेलं कुठे? त्यांनी वाकून पाळण्याखाली पाहिलं, आणि मग आपण काय पाहतोय हे कळून ओशाळे झाले.

"घरात कोणाला कावीळ वगैरे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मला होते. दरवर्षी."

"दरवर्षी? कधी?"

"पेट्या उघडतो तेव्हा."

बाई लिहायच्या थांबल्या. त्यांनी पायथ्याशी पडलेलं पिवळं दुपटं उचललं आणि हुंगलं. "याला वास कसला येतोय?"

इतक्या गोंधळातही काकांची मान ताठ झाली. "डांबरगोळ्यांचा! माझ्याच पेटीतलं आहे ते. एकतीस वर्षांत एक कसर लागलेली नाही बाई. हात फिरवून बघा."

बाईंनी हात फिरवून पाहिला नाही. दुपटं पिशवीत घालून बाहेर पाठवलं आणि जावयाला सांगितलं, ती पेटी आत्ताच्या आत्ता घराबाहेर काढा. मग बाळाबरोबर काकांच्याही दंडातून रक्त काढून घेतलं.

काका घरी कपडे बदलायला आले तर पेटी त्यांच्याच दारात ठेवलेली. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. जावई रागावून परत करून गेला, की नुसती ठेवून गेला? दुपारभर ते पेटीकडे आणि पेटी त्यांच्याकडे बघत राहिली.

संध्याकाळी पिवळेपणाचा आकडा थांबला. रक्ताची पिशवी तयार होती, ती तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी आकडा उतरला आणि बाळ दुधासाठी कोकललं. काका इस्पितळाच्या जिन्यात बसून हमसाहमशी रडले.

आठवड्याने डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवलं. "लाल पेशी स्वतःला सांभाळायला एक द्रव्य बनवतात. तुमच्याकडे आणि बाळाकडे ते जन्मापासून कमी आहे. एरवी काही होत नाही. पण काही औषधं, आणि या गोळ्यांची वाफ, त्यापुढे तुमच्या पेशी टिकत नाहीत. तुमचं यकृत ठणठणीत आहे हो."

"म्हणजे मी इतकी वर्षं तूप उगाच सोडलं?"

"उगाच."

त्यांनी बराच वेळ हिशेब जुळवायचा प्रयत्न केला. मुलीला तर कधी काही झालं नव्हतं. बाईंनी कागदावर रेघा काढून दाखवलं, बापाकडून लेकीकडे, लेकीला त्रास नाही, लेकीकडून नातवाकडे.

"म्हणजे बाळाला माझ्यामुळे?"

"रक्त तुमच्याकडून आलं, त्यात कोणाचा दोष नसतो. वाफ पेटीतून आली."

"पेटीही माझीच," काका म्हणाले.

त्यांनी कपडेपट सोडला आणि तिकीटखिडकीवर बदली मागून घेतली. कोट, सदरे, गादीसुद्धा टाकून दिली. दिवसातून दोनदा अंघोळ करत आणि मनगट हुंगत. वास गेला की नाही हे त्यांना कधीच ठरवता येईना. एकतीस वर्षांचं नाक, त्याचा काय भरवसा? महिना झाला तरी ते वर गेले नाहीत. कोणी बोलावलंही नव्हतं, आणि त्याचा अर्थ काय घ्यायचा हेही कळत नव्हतं.

एका सकाळी जावईच दारात आला. "बाबा, तुम्ही आमच्यावर रागावलात का? ती रोज विचारते."

"मी रागावलो?"

ते वर गेले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले. मुलगी बाळाला घेऊन पुढे आली तसे दोन पावलं मागे सरले. "नको. आधी हुंगून बघ."

ती जवळ आली. लहानपणी तोंड खुपसायची तसं तिने त्यांच्या खांद्यात तोंड खुपसलं आणि तशीच राहिली. वर पाहिलं तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"येतोय?" ते घाबरून म्हणाले.

"नाही बाबा. काहीच येत नाही." तिने बाळ त्यांच्या हातांत दिलं. "मला त्या वासावरूनच कळायचं, तुम्ही जिना चढताय ते."

बाळ त्यांच्याकडे टक लावून पाहत होतं. काकांना क्षणभर भीतीच वाटली.

"मग याला कसं कळायचं, मी आलोय ते?"

"रोज येत जा," मुलगी म्हणाली. "कळेल."