कुत्र्याला मोरी दाखवताना

मुलीच्या एकटेपणाला मी जबाबदार होतो, हे आधीच सांगून टाकतो. दादरच्या दोन खोल्या सोडून नेरूळला, लिफ्ट नसलेल्या नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायला यायचा हट्ट माझाच. हवा चांगली आहे, गच्चीवरून खाडी दिसते, बाथरूम घरातच आहे, असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. जुन्या घरी तिनं गॅलरीतून हाक मारली की चार मैत्रिणी गोळा व्हायच्या. इथं तिची हाक समोरच्या अर्धवट इमारतीवर आपटून तिच्याकडेच परत यायची. एका रविवारी ती खिडकीतल्या कावळ्याला शाळेतल्या बाई कशा रागावतात ते सांगत होती. कावळा मध्येच उडून गेला. ती म्हणाली, “त्याला काम असेल.”

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पुढच्याच आठवड्यात मी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडून पॉमेरेनियनचं पिल्लू आणलं. भाजीच्या वायरच्या पिशवीत घालून, वर टॉवेल पांघरून. पांढरं, कापसाच्या बोळ्याएवढं.

बायकोनं पिशवीत डोकावून पाहिलं.

“हे काय?”

“पिल्लू.”

“ते दिसतंय. मला विचारलंत?”

मी नव्हतं विचारलं. पण तोवर मुलीनं पिशवीत तोंड घातलं होतं आणि पिशवीच्या आतूनच ती हसत होती. ते हसणं बायकोनंही ऐकलं. ती बाजूला झाली, पण मला स्वयंपाकघरात बोलावून तिनं अट घातली.

“ऐका. जूनपासून मी शाळेत शिकवायला जाणार. ही सकाळच्या शाळेत, तुम्ही ऑफिसात. दुपारपर्यंत घराला कुलूप. जूनपर्यंत त्याला आपणहून कुठं जायचं ते कळलं, तर राहील. नाहीतर शाळा उघडायच्या आदल्या दिवशी ह्याच पिशवीतनं परत. रडारड झाली तर ती तुम्ही निस्तरायची.”

अट अगदी रास्त होती, त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं.

बाहेर नेण्याची सोय नव्हती. खाली सोसायटीच्या फाटकापलीकडे रिकामे प्लॉट होते आणि प्रत्येक प्लॉटवर कुत्र्यांची एकेक टोळी. पहिल्या दिवशी मी त्याला खाली उतरवलं. टोळीतला एक काळा कुत्रा नुसता आळस देत उठला, तेवढ्यात आमचं पिल्लू माझ्या पायावरून चढून खांद्यावर पोचलं. चार मजले परत चढून घरात शिरल्याबरोबर त्यानं दारातल्या पायपुसण्यावर सगळं उरकलं. पायपुसणं बायकोच्या आईनं हातानं विणलेलं होतं.

मग वर्तमानपत्र. सहकाऱ्यानं सांगितलं होतं, बाल्कनीत पेपर अंथरा, आपोआप शिकतं. मी पेपर अंथरला. पिल्लू येऊन पेपरवर बसलं, माझ्याकडे पाहू लागलं. मी वाट पाहिली. त्यानंही पाहिली. मी वाचून दाखवीन अशी त्याची अपेक्षा असावी. शेवटी ते तिथंच झोपलं, उठल्यावर पेपर सोडून दोन हात लांब गेलं आणि तिथं केलं.

“स्वच्छतेची आवड आहे त्याला,” बायको म्हणाली. “पेपर खराब करत नाही.”

राहता राहिली मोरी, म्हणजे बाथरूमचा जाळीकडचा कोपरा. मी ऑफिसातून आठवड्याची रजा घेतली. अर्जात ‘घरगुती अडचण’ लिहिलं. साहेबांनी काळजीनं विचारलं, “आई बऱ्या आहेत ना?” मी मान खाली घालून “बऱ्या आहेत” म्हणालो, आणि आईच्या नावावर कुत्र्यासाठी रजा घेतल्यासारखं वाटून परत येताना बसमध्ये बसायलाही संकोचलो. उभाच राहिलो.

आता मोरीत न्यायचं, पण पुढं काय? बायको दारात उभी राहून म्हणाली, “मूल कसं शिकवतात? आपल्या दोन पावलांवर बसवायचं, थोडं पाणी सोडायचं, ‘शूऽऽ’ करायचं. तुम्हाला कुठून ठाऊक असणार! हिच्या वेळी तुम्ही बाहेर पेपर वाचत होता.”

हे खरं होतं. मुलीला मी एकदाही तसं बसवलं नव्हतं. माझ्या पिढीतल्या बऱ्याच बापांनी नसेल बसवलं, पण त्यानं माझं समाधान होईना. मी पाट घेतला, मोरीत बसलो, पावलं थोडी फाकवून पिल्लाला त्यांच्यामध्ये उभं केलं, तांब्यानं धार धरली आणि सुरुवात केली. “शूऽऽ. शूऽऽ.” पिल्लू माझा अंगठा चाटू लागलं. मुलीला मदत करायची होती, पण तिचे पुढचे दात पडले होते. तिच्या तोंडून नुसतं “फूऽऽ” यायचं आणि पिल्लाला तो खेळ वाटायचा. तिला बाहेर पाठवावं लागलं. तिचे डोळे भरून आले. तेही माझ्याच खाती.

त्याच वेळी दारात जवळच्या सारसोळे गावातली कोळीण मावशी मासे घेऊन आली होती. आतला आवाज ऐकून तिनं टोपली खाली ठेवली आणि बायकोला हळूच विचारलं, “मोरीन साप शिरलाय का गो बाय?”

“नाही हो मावशी, आमचे हे आहेत.”

“आगो बाय! भाऊना काय झालाय?”

बायकोनं काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. मावशी मात्र त्या दिवसापासून मला पाहिलं की पदर तोंडाला लावायची.

पण जमलं. एका सकाळी, मी शू करून करून घशाला कोरड पाडून घेतल्यावर, माझ्या दोन पावलांमध्ये त्यानं धार सोडली. थोडी डाव्या पावलावरही. मी तसाच ओल्या पायानं बाहेर धावलो. “केलं! त्यानं केलं!” मुलीनं टाळ्या वाजवल्या. बायको म्हणाली, “पाय धुऊन या आधी,” पण म्हणताना तिनं तोंड ओट्याकडे वळवलं. ती हसत होती हे मला पाठीवरून कळलं.

मग रोज जमू लागलं. मी शू म्हणायचा अवकाश, पिल्लू तयार. मी पुन्हा ऑफिसला जाऊ लागलो. सकाळी एकदा, संध्याकाळी आल्यावर एकदा, झोपण्याआधी एकदा मोरीत बसायचं. अभिमान वाटू लागला होता. आणि तेवढ्यात घरात जागोजागी थारोळी दिसू लागली. सोफ्याखाली, देव्हाऱ्यासमोर, मुलीच्या सतरंजीवर. आधी होत होती त्यापेक्षा जास्त.

“शिकलाय म्हणता ना?” बायको फडकं पिळत म्हणायची.

कारण मला एका रविवारी कळलं. मी पेपर वाचत होतो, पिल्लू माझ्यासमोर झोपलं होतं. आत कुकर लावलेला. शिट्टी व्हायच्या आधी कुकरातून वाफ सुटते, फुसफुसत, लांबलचक. तो आवाज सुरू झाला आणि पिल्लानं डोळे उघडले, अर्धवट झोपेत उठून उभं राहिलं, आणि तिथंच, अत्यंत आज्ञाधारकपणे, खाली बसलं.

मी त्याला जागा शिकवलीच नव्हती. आवाज शिकवला होता. वरणभाताच्या घरात मी कुत्र्याला वाफेवर शू करायला शिकवलं होतं.

हे बायकोला सांगायचं धाडस होईना. शाळा उघडायला थोडेच आठवडे उरले होते. मी ठरवलं, आपणच निस्तरू. कुकर गॅसवर चढला की पिल्लाला उचलायचं आणि वाफ सुटायच्या आत मोरीत नेऊन सोडायचं. त्यामुळे मी सुटीच्या दिवशी दर थोड्या वेळानं स्वयंपाकघरात डोकावू लागलो.

“कुकर लावतेस का?”

“का हो?”

“सहज.”

लग्नानंतर मी हा प्रश्न कधीच विचारला नव्हता. बायकोनं दोनतीनदा सहन केलं. मग एक दिवस मी पिल्लू काखेत मारून पळत निघालो असता ती आडवी उभी राहिली.

“थांबा. एक तर तुम्हाला वरण आवडेनासं झालंय, नाहीतर तुम्ही काहीतरी लपवताय.”

आतून कुकर फुसफुसू लागला. मी तिला सांगायला तोंड उघडलं, पण सांगायची गरजच पडली नाही. माझ्या सदऱ्यानं सांगितलं.

बायको भिंतीला टेकली आणि खाली बसेपर्यंत हसली. मला हसू येत नव्हतं. मी तिची माफी मागत राहिलो, तशी ती आणखीच हसत गेली. शेवटी डोळे पुसत म्हणाली, “सदरा भिजवून या. आणि उद्यापासून मी ओरडून सांगत जाईन. पण अट तीच हं. मुलगी रडेल म्हणून मी रोज शाळेतून आल्या आल्या लादी पुसणार नाही.”

त्या मे महिन्यात आमच्या घरात आतून “लावला होऽऽ!” अशी हाक आली की मी किंवा मुलगी, जो जवळ असेल तो, पिल्लू उचलून पळायचा. मी ऑफिसात असलो की मुलगी एकटीच सांभाळायची. धापा टाकत, हसत, दोघं मोरीत पोचायची. वाफेला शू म्हणता येत होतं, दात लागत नव्हते. पण आपणहून ते कधी गेलं नाही. न्यायचं आम्ही, करायचं त्यानं. आणि जूनमध्ये रिकाम्या घरात न्यायला कोण असणार होतं? मुलगी विचारायची, “बाबा, त्याला कळेल ना रे?” मी “कळेल, कळेल” म्हणायचो आणि पलंगाखालच्या वायरच्या पिशवीकडे पाहायचं टाळायचो.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी पुण्याहून बायकोचे दादा-वहिनी नवं घर पाहायला आले. वहिनी म्हणजे स्वच्छतेचं प्रकरण. दुसऱ्याच्या घरी पाणी प्यायच्या आधी त्या पेला उजेडात धरून बघत. जेवणं झाली. पिल्लाला कुकरच्या वेळी मुलीनं व्यवस्थित मोरीत नेऊन आणलं होतं, कुणाला काही कळलं नाही. दादा सोफ्यावर लवंडले. वहिनी हातपाय धुवायला बाथरूममध्ये गेल्या आणि त्यांनी आतून कडी लावली.

गॅस बंद होता. वहिनींनी अजून नळही सोडला नव्हता. घरात कसलाही फुसफुसाट नव्हता. आणि पिल्लू उठलं. चालत चालत बाथरूमच्या दारापाशी गेलं. दार बंद दिसल्यावर त्यानं पंजानं दार खरवडलं.

मी बायकोकडे पाहिलं, बायकोनं माझ्याकडे. मुलीनं दोन्ही हात तोंडावर ठेवले.

पिल्लू गोल फिरलं, पुन्हा दार खरवडलं, कुंई कुंई करू लागलं. मी जाऊन दारावर टकटक केलं.

“वहिनी, होतंय का?”

“आत्ता तर आलेय!”

“तसं नाही... जरा घाई होती.”

“अहो, तो शेजारचा दरवाजा आहे ना, तिकडे जा!”

“तिकडे नाही चालत, वहिनी. इथलीच सवय आहे.”

सोफ्यावरून दादा म्हणाले, “जावईबापू, हे काय बोलताय?”

पिल्लाचे मागचे पाय थरथरू लागले होते. मी त्याला उचलू शकत होतो, पण उचललं असतं तर कधीच कळलं नसतं की ते स्वतःहून थांबतंय की नाही. बायकोही मला खूण करत होती, हात लावू नका. मी दाराला तोंड लावून विनवू लागलो, “वहिनी, पाया पडतो. आता थांबणं शक्य नाही!”

कडी निघाली. वहिनी चेहरा लाल करून, ओल्या हातानं साडी सावरत बाहेर आल्या, आणि त्यांच्या दोन पायांमधून एक पांढरा गोळा आत घुसला. जाळीपाशी जाऊन बसला. धार किती वेळ चालली, विचारू नका. बिचाऱ्यानं केवढं धरून ठेवलं होतं!

मुलगी जी नाचायला लागली, ती थांबेना. बायकोनं वहिनींच्या गळ्यात हात टाकून सगळा प्रकार सांगितला. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

“म्हणजे ते तुमचं नव्हतं?”

“नाही हो, वहिनी.”

“मग आधी सांगायचं ना! मी आत केवढी घाबरले,” असं म्हणून त्या पुन्हा आत गेल्या आणि त्यांनी फरशी स्वतः धुऊन काढली. फिनेल मागवून.

मला मात्र धीर नव्हता. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर पलंगाखाली वाकून पाहिलं तर वायरची पिशवी जागेवर नव्हती, आणि बायको बाहेर गेलेली. मुलगी पिल्लाला मांडीवर घेऊन बसली होती. मी तिच्याशेजारी बसलो. एकदा बघून भागणार नाही असं बायकोला वाटलं असेल तर तिचंही चूक नव्हतं.

दिवेलागणीला ती आली. पिशवीत भाजी होती. भाजीखालून तिनं कागदात गुंडाळलेला एक स्टीलचा वाडगा काढून माझ्या हातात दिला. भांडीवाल्याकडून वर नाव कोरून आणलं होतं. आधी पिल्लाचं, मध्ये माझं आणि शेवटी आमचं आडनाव.

“अगं, हे काय? माझं नाव कशाला?”

“मग कुणाचं घालू?” बायको पिशवीतली कोथिंबीर काढत म्हणाली. “मोरीत घेऊन कोण बसलं होतं?”

मुलीनं अक्षरं लावत पूर्ण नाव मोठ्यानं वाचलं. पिल्लू लगेच उठून उभं राहिलं. मीही उठलो आणि वाडग्यात दूध ओतायला आत गेलो.