चर्चचं नाणं उलटं ठेवलं तेव्हा

गेल्या वर्षी आमच्या रोडपालीच्या सोसायटीत छंदांचं प्रदर्शन भरलं. मी माझी नाणी मांडली. मधोमध किनाऱ्यावरच्या एका जुन्या चर्चचं चांदीचं स्मृतिनाणं ठेवलं. दोन मनोरे, मधली कमान, वर क्रूस, सगळं एवढ्याशा जागेत लख्ख कोरलेलं. त्या चर्चची डागडुजी झाली तेव्हा माझे वडील तिथे गवंडी होते. पुढे नाणं निघालं, तेव्हा तिथल्या फादरनी आठवणीने बोलावून एक वडिलांच्या हातावर ठेवलं.

सेक्रेटरी टेबलाशी येऊन थांबले.

"मॅडम, एवढं एक काढता का?"

"का?"

"मला स्वतःला काही नाही हो. पण कोणी फोटो काढून ग्रुपवर टाकला, तर उगाच चर्चा."

तिथेच भांडायला हवं होतं. मी काय केलं, तर नाणं उलटं ठेवलं, अक्षरांची बाजू वर. वर "आता ठीक?" असंही मीच विचारलं. ते आठवलं की आजही स्वतःचीच चीड येते.

थोड्या वेळाने वडील काठी टेकत खाली आले.

"ह्ये उलटं कुनी ठेवलं?"

"मी."

कारण सांगितलं. ते आवाज न चढवता म्हणाले, "डावा मनोरा पडाया आला व्हता. तीन म्हैनं परांचीवर बसून आमी चुना लावला. तवा कुनी इचारलं नाय, ह्यो कुनाचा देव हाय."

मी नाणं सुलटं केलं. सेक्रेटरी हसत आले आणि त्यावर प्रदर्शनाचं पत्रक पसरून गेले. हसत! माझं डोकं सणकलं. पत्रक मी त्यांच्यादेखत फाडलं.

"तुमच्या घराच्या भिंती ज्यांनी बांधल्या, त्यांचा धर्म विचारून राहायला आलात का?"

शेजारच्या टेबलावरच्या बाई, ज्या माझ्याकडे रोज चहाला येतात, त्या आपल्या क्रोशाच्या रुमालाची टोकं सरळ करत बसल्या. सेक्रेटरींपेक्षा मला त्यांचाच संताप आला.

मी नाण्यांचे सगळे ट्रे आवरले आणि वडिलांना घेऊन लिफ्टमध्ये शिरले.

"जास्तच ओरडले का?" मी विचारलं.

"नाय. उशिरा ओरडलीस."

यंदाच्या प्रदर्शनाच्या सूचनेत छापलंय, 'वादग्रस्त वस्तू मांडू नयेत.' कोणती वस्तू, कोणाचा वाद, असं मी लेखी विचारलंय. उत्तर आलेलं नाही. दर सोमवारी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन मी ते मागते.